बिनदाराचा मिस्त्री

आमच्या घरमालकाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. तोंडावर मी त्याला अहोजाहो करत असे. पाठीमागे कधी केलं नाही आणि आता तर मुळीच करणार नाही. ज्याने बायकोच्या न्हाणीला बारा वर्षं दार लावलं नाही त्याला मान देऊन बोलायचं, इतकी काही मी सुसंस्कृत नाही.

मी तेव्हा श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत नव्याने लागले होते. वय तेवीस, स्वभाव आत्ता आहे तोच. खोली बघून द्यायला नगरहून दादा आला होता. शाळेपासून पाच मिनिटं, घरात बाईमाणूस, मालक साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला सज्जन गृहस्थ, असं कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही तिथे गेलो. अंगणात पाऊल टाकलं तर समोर मोठा कडुनिंब, आणि त्या झाडावर, झाडाखाली, भिंतींवर, वळचणीला जे काही टांगलं, ठोकलं आणि बांधलं होतं ते बघून दादा दारातच थबकला. सर्कस उतरलीय का इथे, असं त्याने मला हळूच विचारलं.

बसायची वेळ आली तेव्हा कळलं की घरात खुर्ची नाही. बाज नाही, बाकडं नाही, पाहुण्यापुढे टाकायला सतरंजीसुद्धा नाही. मिस्त्रीने दादाचा दंड धरला, फांदीला टांगलेल्या एका काळ्या कातडी झोळीपाशी नेलं आणि त्याला तीत ढकललं. ती मोट होती. विहिरीवर बैल जुंपून पाणी ओढायची, अस्सल कातडी मोट. त्या सालांत आमच्याकडे विहिरींवर विजेच्या मोटारी बसायला लागल्या होत्या आणि मोटा, त्या ओढायचे जाड दोर म्हणजे नाडे, चाकं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती. मिस्त्री सोनईपासून शेवगावपर्यंत हिंडून ती फुकटात उचलून आणायचा. दादा त्या मोटेत दुमडला गेला. गुडघे हनुवटीला टेकलेले, चपला आभाळाकडे. त्याला उठता येईना.

"पयल्यांदा कुनालाच उठता येत न्हाई," मिस्त्री कौतुकाने म्हणाला. "निवांत पडा. गाडी थोडीच सुटतीय तुमची?"

दादाची चारची गाडी होती आणि ती सुटली.

तरी मी ती खोली घेतली. दुसरी मिळत नव्हती हे एक कारण, आणि दुसरं कारण मिस्त्रीची बायको. दादा मोटेत अडकलेला असताना त्या ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. या घरात एक तरी शहाणं माणूस आहे एवढं मला त्यावरून समजलं. त्यांना मी मावशी म्हणायला लागले.

मिस्त्रीचा एक सिद्धांत होता. असल्या माणसांचा असतोच. त्याचं म्हणणं, माणसाने एकतर चढावं नाहीतर लोळावं. मधलं जे काही आहे, म्हणजे उभं राहणं आणि बसणं, त्याने माणूस नासतो. "बसून बसून अक्कल बुडाखाली जाती, बाई," हे वाक्य मी दीड वर्षात किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. वर्कशॉपात तीस वर्षं फिटर म्हणून उभा राहिलो, साहेब लोक स्टुलावर बसून हुकूम सोडायचे, तेव्हाच ठरवलं की रिटायर झाल्यावर उभा राहणार नाही आणि बसणारही नाही, असं तो सांगायचा. ऐकणाऱ्याचे डोळे पाणवायचे. माझे कधी पाणवले नाहीत. तीच तीस वर्षं मावशी चुलीपुढे उकिडव्या बसून होत्या. त्यांच्या गुडघ्यांवरून कोणी सिद्धांत काढला नाही.

तर हा सिद्धांत सिद्ध करायला त्याने घराचा भंगारखाना करून टाकला होता. ओट्यावर जायला पायऱ्या होत्या, त्या त्याने काढल्या आणि तिथे रेल्वेचे दोन जुने स्लीपर तिरपे उभे करून त्यांना बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे तुकडे ठोकले. म्हणजे स्वयंपाकघरात जायचं तर आधी गड चढायचा. माजघराच्या भिंतीत गाडीची चाकं अर्धी पुरलेली, त्यांच्या आऱ्यांवर पाय ठेवत माळ्यावर जायचं. माळ्यावर कारखान्याच्या भंगारातला एक रुंद रबरी पट्टा दोन तुळयांमध्ये ताणलेला, त्यावर लोळायचं. ट्रकच्या ट्यूबा एकमेकींना बांधून केलेली एक गादी होती. एसटीच्या मोडीत निघालेल्या गाडीचं दोन माणसांचं सीट साखळ्यांनी पडवीत टांगलं होतं. प्रत्येकाला नंबर. लोळण नंबर एक, लोळण नंबर दोन. मोटेचा नंबर चार. पाहुणा आला की मिस्त्री आधी त्याला नंबर विचारायचा, मग पाणी.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे निंबावरची गच्ची. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, तीन फांद्यांच्या बेचक्यात, स्लीपर आडवे टाकून केलेला माच. वर जायला मोटेच्या नाड्याची शिडी. त्या शिडीत मिस्त्रीने एक खुबी ठेवली होती. वर गेलं की ती ओढून घेता यायची. वरच्या फांदीला मोटेचं चाक बसवलं होतं, त्यावरून दोरी टाकून चहाची किटली बादलीत घालून वर खेचायची. रेशनच्या रांगेत उभं राहायचं निघालं, नळाला पाणी आलं, किंवा मावशींनी न्हाणीचा विषय काढला की मिस्त्री गच्चीवर जायचा आणि शिडी ओढून घ्यायचा. मग वरून दोरी हलायची. म्हणजे चहा पाठवा.

आता न्हाणी. ती मागच्या बाजूला असती तर हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. ती होती निंबाच्या समोर, अंगणाच्या दुसऱ्या कडेला. तीन बाजूंनी दगडाच्या भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि चौथ्या बाजूला दोरीवर टाकलेलं मावशींचं जुनं लुगडं. लुगड्याच्या खालच्या काठाला दगड बांधलेले. वारा आला की दगडांसकट उडायचं. आणि गच्चीवरून, मिस्त्री मोठ्या अभिमानाने सांगायचा तसं, स्टेशनचा सिग्नल दिसायचा. सिग्नल दिसायला मान वर करावी लागे. न्हाणी दिसायला काहीच करावं लागत नसे.

म्हणून आम्ही दोघी उजाडायच्या आत आंघोळी उरकायच्या. थंडीत, अंधारात, एक आत आणि एक बाहेर लुगडं धरून उभी. मी दीड वर्ष दोन मिनिटांत आंघोळ केली आहे. आजही माझ्या घरात मला कोणी विचारतं की आंघोळीला इतका वेळ का लागतो. मी उत्तर देत नाही.

राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी मिस्त्रीला दाराचं विचारलं होतं. तो मोटेत पडला होता. दार म्हणजे आडकाठी, दाराने माणूस अडतो आणि शिडीने वर जातो, असं काहीतरी आधी त्याने ऐकवलं. मी तशीच उभी राहिले तेव्हा म्हणाला, "आनतो की. पन चांगलं बघून आनतो." मावशी मला मागून म्हणाल्या की हे ‘चांगलं बघून’ त्या दहा-अकरा वर्षं ऐकत आहेत. न्हाणी बांधली तेव्हापासून.

गाव मात्र त्याच्यावर फिदा होतं. रविवार आला की आमच्या अंगणात जत्रा. वकीलसाहेब यायचे, बाजारपेठेतले दोन-तीन अडते यायचे, आमच्या शाळेचे चित्रकलेचे सरही एकदा येऊन वहीत चित्रं काढून गेले. वकीलसाहेब तर दर रविवारी. कोर्टात ताठ कॉलर, आणि इथे धोतराचा सोगा खांद्यावर टाकून लोळण नंबर दोनवर आडवे. काय डोकं आहे, काय कल्पना आहे, परदेशात असतं तर नाव निघालं असतं. असं बोलत ते चढत, लोळत आणि चहा पीत. तो दुष्काळाचा काळ होता. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, नळाला दिवसाआड पाणी, आणि मावशी त्या पाण्यातून वीस-वीस कप चहा करायच्या. स्लीपरच्या गडावरून कपांचं ताट घेऊन उतरायच्या. एवढं डोकं असलेल्या माणसाच्या बायकोला चहा घेऊन कड्यावरून का उतरावं लागतं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. वकिलालाही नाही.

ओट्याचा तो गड सोडला तर मावशी त्यातल्या कशावरही कधी चढल्या नव्हत्या. लोळल्या तर मुळीच नव्हत्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मला कवा येळ हुता?"

खोटं कशाला सांगू, त्या माणसाच्या हातात कसब होतं. त्याची गाठ कधी सुटली नाही. नवीन लोळण बांधली की तो आधी एक अख्खा दिवस स्वतः तीवर पडून राहायचा, रात्रभर वाळूचं पोतं टांगून ठेवायचा आणि मगच दुसऱ्याला चढू द्यायचा. एसटीच्या सीटवर बसून मी सहामाहीचे पेपर तपासले आहेत, आणि ते पेपर इतर कुठल्याही जागेपेक्षा लवकर तपासून झाले. हे मी कबूल करते, पण रागानेच करते. ज्याला काहीच येत नाही त्याला माफ करता येतं. याला सगळं येत होतं. चार फळ्या आणि दोन बिजागऱ्या हे त्याचं अर्ध्या तासाचं काम होतं. अर्धा तास त्याला बारा वर्षांत सापडला नाही.

मावशींना एकच मुलगी. ती शेवगावला दिलेली. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीतच आहे, आणि मावशींनी त्याची तयारी पाचव्या महिन्यापासूनच सुरू केली होती. बाळंतिणीला बाजेखाली शेगडी हवी म्हणून त्यांनी शेजारून एक बाज मागून ठेवली होती, कारण आमच्या घरात सरळ पडायला जागा नव्हती. डिंक, खारीक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. दुपारच्या वेळी त्या पेटी उघडून बसायच्या आणि मला एकेक वस्तू दाखवायच्या.

मग शेवगावहून कार्ड आलं. मावशींना वाचता येत नसे म्हणून त्या ते घेऊन माझ्याकडे आल्या. व्याह्यांचं अक्षर स्वच्छ होतं आणि मजकूर त्याहून स्वच्छ. मुलीचा सातवा संपत आला आहे. पाठवायला आमची ना नाही. परंतु मागच्या खेपेस आमची मंडळी आपल्याकडे येऊन गेली, त्यांनी सांगितलेली गोष्ट आपणास ठाऊक आहे. बाळंतिणीला सव्वा महिना रोज दोन वेळा तेलपाणी व्हायचं. तरी न्हाणीस दार लावल्याचे कळवावे, मग मुलीस घेऊन येऊ. न जमल्यास बाळंतपण इकडेच होईल.

मी वाचून थांबले. मावशींनी कार्ड परत वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. चिडल्या नाहीत. "खरंच लिवलंय त्यांनी," एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्या वेळी वाटलं, आत्ता जाऊन त्या मोटेची दोरी कापावी.

मिस्त्रीने कार्ड ऐकलं आणि लगेच म्हणाला की आणतो. आणि खरोखर आणलं. आठवड्याभरात कुठल्याशा पाडलेल्या धर्मशाळेचं एक दार तो लिलावातून बैलगाडीवर घालून घेऊन आला. सागवानी, एकसंध, पितळी कड्यांचं. इतकं देखणं दार त्या गल्लीत कोणाच्या पुढच्या दारालाही नव्हतं. मावशींनी गाडी दारात थांबल्याबरोबर ताटात हळदीकुंकू आणलं, त्या दाराला पाच बोटं लावली, वर अक्षता टाकल्या आणि डोळे पुसले. मलाही बरं वाटलं. मनात म्हटलं, आपण उगीच या माणसाला शिव्या घातल्या. शाळेत गेले तर वर्गात मुलींना दोन गणितं कमी दिली.

संध्याकाळी परत आले तर दार निंबाला टांगलेलं होतं. आडवं, चार साखळ्यांनी, कमरेइतक्या उंचीवर. लोळण नंबर सात. वर मिस्त्री हात डोक्याखाली घेऊन पडलेला आणि त्याच्या कुशीजवळ हळदीकुंकवाची पाच बोटं तशीच. एवढं चांगलं लाकूड न्हाणीच्या ओलीत कुजवायचं म्हणजे पाप आहे, न्हाणीला साधं बघू, असं त्याचं म्हणणं. मावशी चुलीपुढे होत्या. भाकरी थापायचा आवाज येत होता. त्या दिवशी भाकऱ्या फार पातळ झाल्या होत्या.

दोन दिवसांनी साधं दार आलं. एसटीच्या मोडक्या गाडीचं पत्र्याचं. त्याची त्याने दुपारीच घसरगुंडी केली, कारण पत्रा गुळगुळीत निघाला. त्यानंतर मावशींनी दाराचं नाव काढलं नाही. पेटीही उघडायच्या थांबल्या. शेजारची बाज परत देऊन टाकू का, असं मला एकदा विचारलं. मी नको म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाची म्हातारी गेली. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा तिने त्यांना हाताशी धरलं होतं, त्यामुळे त्या तिच्या घरी जाऊन, तिला बाहेर काढेपर्यंत थांबून, बाराच्या सुमारास परत आल्या. मर्तिकाहून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात शिरायचं नाही आणि कशाला, कोणाला शिवायचं नाही. लहान मुलालाही ठाऊक असतं हे. त्या अंगणात आल्या आणि थांबल्या. रविवार होता. गच्चीवर दोघे अडते सिग्नल बघत होते. वकीलसाहेब धर्मशाळेच्या दारावर आडवे होऊन डोळे मिटून पडले होते. मिस्त्री मोटेत. चौघांची तोंडं न्हाणीकडे.

मी पडवीतून उतरून मिस्त्रीकडे गेले. मावशी मर्तिकाहून आल्या आहेत, त्यांना आंघोळ करायची आहे, तेव्हा मंडळींना जरा घरात न्या, असं स्पष्ट सांगितलं. मिस्त्री म्हणाला, हां हां, पाच मिन्टं. मग तो अडत्यांना नाड्याचा पीळ कसा उलटा घालावा लागतो ते समजावून सांगायला लागला. मी पुन्हा सांगितलं. वकीलसाहेबांनी एक डोळा उघडून, चालू द्या, आमची काही अडचण नाही, असं म्हटलं आणि डोळा मिटला. त्यांची अडचण नव्हती.

मावशी कुंपणाशी उभ्या होत्या. डोक्यावर ऊन, सावलीला निंबाखाली यावं तर तिथे हे लोक, त्यांना विटाळ नको म्हणून त्या लांब. मी तांब्याभर पाणी नेलं तर तांब्याला हात लावता येईना. वरून ओंजळीत ओतलं, तेवढं प्यायल्या. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

मग त्या निघाल्या. मला वाटलं शेजारी जातात. त्या सरळ निंबाकडे आल्या. वाटेत त्यांनी धर्मशाळेच्या दारावर, आपल्याच हातच्या हळदीकुंकवावर, हात टेकला. वकीलसाहेबांचं धोतर त्या हाताखाली आलं. साहेब ताडकन उठून बसले. मग मावशींनी मोट हलवली, आतल्या नवऱ्यासकट. मग नाड्याची शिडी धरली, लुगड्याचा काचा खोचला आणि चढायला लागल्या. एकदाही थांबल्या नाहीत. वरच्या दोघा अडत्यांना कळेना कुठून उतरावं. मावशी वर पोचल्या, त्यांच्या मधून वाट काढत, दोघांना व्यवस्थित शिवून, माचाच्या कडेला जाऊन बसल्या आणि खाली बोट दाखवलं. दोघे उतरले. उतरले म्हणजे एक उतरला आणि दुसरा घसरला. तो उतरताक्षणी मावशींनी शिडी वर ओढून घेतली.

सोवळ्याओवळ्याचं त्या काळात किती होतं ते सांगायला नको. वकीलसाहेबांना भर दुपारी, दुष्काळात, घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करावी लागणार होती. ते चपला हातात घेऊन निघाले. अडते त्यांच्यामागे. दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं.

आणि मिस्त्री? तो मोटेतून कसाबसा बाहेर आला, वर बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. मी त्या क्षणी त्याला ओळखलं ते कायमचं. बायको रागावली आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटलं, शेवटी हिला पटलं. "चढली की गं," तो म्हणाला. "म्या म्हनत हुतो न्हवं? डावा पाय अगुदर टाकला असता तर आजून सोपं गेलं असतं." मग म्हणाला, वारं कसं लागतंय, सिग्नल दिसतोय का.

मावशींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला हाक मारली.

"बाई, एक बादली पानी वर धाडा."

मी बादली भरली, दोरीला अडकवली आणि त्याच मोटेच्या चाकावरून खेचली. दिवसभराचं पाणी होतं ते आमच्या दोघींचं. मावशींनी बादली घेतली, माचाच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतली. सगळ्या गल्लीने बघितलं. मर्तिकाहून परतणारी माणसं रस्त्यात थांबली होती.

"लपून न्हायाला जागा न्हाई, म्हनून उघड्यावर न्हाते," त्या मोठ्याने म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. "बगा ज्याला बगायचं त्यानं. माझ्या पोरीच्या बाळंतपनाला न्हानीला दार लागत न्हाई, तवर मी खाली येत न्हाई."

पाणी फळ्यांच्या फटींतून खाली आलं आणि मिस्त्रीच्या डोक्यावर पडलं. तोंड वर करून उभा होता, म्हणून तोंडातही गेलं.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मी माझ्या स्टोव्हवर पिठलं केलं आणि बादलीतून वर पाठवलं. मिस्त्रीला दिलं नाही. त्याने मागितलंही, निर्लज्जपणे. दिवेलागणीला मी खालून विचारलं, मावशी, काही हवंय का. त्या माचावर आडव्या पडल्या होत्या, पाय लांब पसरून, लुगडं वाळलेलं. म्हणाल्या, "काय न्हाई वं बाई. लगीन झाल्यापून असं पाय सोडून पडल्याचं ध्यानात न्हाई. जरा पडू द्या."

मला तेव्हा रडू आलं. आत जाऊन रडले, कारण मिस्त्रीने ते बघितलं असतं तर स्वतःच्या बाजूने धरलं असतं.

त्याला जाग आणली ती भुकेने. सिद्धांताने नव्हे आणि लाजेने तर नव्हेच. सकाळी मी उठले तेव्हा ठोकाठोक चालली होती. लोळण नंबर सात साखळ्यांतून उतरली होती आणि धर्मशाळेचं सागवानी दार न्हाणीला बिजागऱ्यांवर उभं होतं. घट्ट बसलेलं, सरळ, आतून लोखंडी कडी. हळदीकुंकवाची पाच बोटं बाहेरच्या अंगाला. अर्धा तास लागला असेल.

मग मी जवळ गेले. त्या दारावर, बाहेरून, खालपासून वरपर्यंत, बाभळीच्या दांड्यांच्या सहा पायऱ्या ठोकलेल्या होत्या. दार आणि वरचा पत्रा यांच्यात हातभर फट होती. त्या पायऱ्यांवरून कोणीही आरामात वर चढून आत डोकावू शकला असता.

मिस्त्री बाजूला हात पुसत उभा होता. चेहऱ्यावर समाधान. "नुसतं दार काय कामाचं, बाई? चढताबी आलं पायजे."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुलींच्या शाळेत पुढे मी सव्वीस वर्षं नोकरी केली.

मावशींनी शिडी सोडली आणि खाली आल्या. डावा पाय आधी टाकला की उजवा ते मी बघितलं नाही. दारापुढे उभ्या राहून त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, कडी वाजवून बघितली. मग नवऱ्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, तिच्या मागच्या चिमट्याने एकेक पायरी उपटली आणि सहाही दांड्या बंबात घातल्या. मिस्त्री म्हणत राहिला की लाकूड चांगलं आहे, निदान दोन तरी ठेव. बाभळ चांगली पेटली. शेजारून मागून आणलेलं पाणी कडकडीत तापलं.

मावशी आत गेल्या. आतून कडी लागली. बारा वर्षांत त्या अंगणात तो आवाज झाला नव्हता. मी टॉवेल घेऊन बाहेर रांगेत उभी होते आणि मला कसलीही घाई नव्हती. उन्हं चांगली वर आल्यावर त्या बाहेर आल्या, केस मोकळे, आणि ओले हात पदराला पुसत म्हणाल्या की आधी एक कार्ड लिहून द्या, मग आंघोळीला जा.

मी कार्ड घेऊन पडवीत बसले. काय लिहू विचारलं.

"लिवा, न्हानीला दार लागलं. पोरीला घिऊन या." ओल्या केसांना गाठ मारली. "आन आतून कडी हाय म्हनावं."

मी तसंच लिहिलं. ‘आतून कडी आहे’ याच्याखाली रेघ मारली. एवढ्यात मोटेतून मिस्त्रीचा आवाज आला, की व्याह्यांना म्हणावं, सवडीने या, गच्चीवरून सिग्नल दिसतो तो बघायला.

ते मी लिहिलं नाही.